शीव आणि सरहद्द : मराठी चित्रकथांतील सीमाप्रदेशाचा विचार

१

अमेरिकेच्या पश्चिम प्रदेशातील घोडेस्वार, गुरांचे कळप, बंदुका आणि नव्या वसाहती यांवर रचलेल्या जुन्या चित्रकथांचा संग्रह करणे हा आता जगभर रुळलेला छंद आहे. त्याला किमतींचे कोश आहेत, प्रतवारी ठरविणाऱ्या संस्था आहेत आणि लिलावही आहेत. या छंदाविषयी जे लिहिले जाते त्यात सामान्यतः दोनच गोष्टी आढळतात : बालपणाच्या आठवणी आणि दुर्मिळ प्रतींचे मोल. वाङ्मयसमीक्षेला या दोहोंशी फारसे कर्तव्य नाही. तिने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. या कथांचा प्राण म्हणजे सीमाप्रदेशाची कल्पना. ही कल्पना एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते तेव्हा ती तशीच राहते, की नव्या भाषेतील शब्द तिला आपला आकार देतात? प्रस्तुत लेखात हा प्रश्न मराठीपुरता घेतला असून, मराठीत जी सीमाप्रदेशाची चित्रकथा रुजली तिने काय मिळविले आणि काय दृष्टिआड केले याचा विचार केला आहे.

हा विचार हवेत होऊ नये म्हणून एक भूमी समोर ठेवणे सोयीचे. ती पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील वरवंडची आहे. पुणे–सोलापूर महामार्गावरील हे गाव ज्या मुलखात येते तो पूर्वी भीमथडी म्हणून ओळखला जाई आणि भीमथडीचे तट्टू मराठ्यांच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. पश्चिमेकडील चित्रकथेला जे जे साहित्य लागते ते ते येथे जवळजवळ सर्व आहे. घोडा आहे, ओसाड माळ आहे, कळप घेऊन हिंडणारे मेंढपाळ आहेत आणि दौंडचे जंक्शन जवळ असल्यामुळे आगगाडीही आहे. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. नाही ती एकच गोष्ट, आणि तीच मुख्य : पुढे पुढे सरकणारी सरहद्द. ती का नाही याचे उत्तर भूगोलापेक्षा भाषेत अधिक स्पष्ट सापडते.

२

अमेरिकन सीमाप्रदेशाची शास्त्रीय मांडणी इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ मध्ये शिकागो येथे वाचलेल्या निबंधात केली. दर चौरस मैलास दोन माणसांहून कमी वस्ती असेल तेथे वसाहतीची कड संपली, असा तेथील जनगणनेचा संकेत होता. आणि १८९० च्या जनगणनेने अशी सलग कड आता दाखविता येत नाही असे नमूद केले होते. टर्नर यांच्या मते युरोपातील सरहद्द म्हणजे दाट वस्तीच्या दोन देशांमधील तटबंदीची रेषा, तर अमेरिकेतील सरहद्द म्हणजे मोकळ्या जमिनीच्या अलीकडचा काठ. पहिली स्थिर असते, तर दुसरी चालती असते. अमेरिकन माणसाचा स्वभाव या चालत्या काठाने घडविला, असा त्यांचा सिद्धान्त होता. ही ‘मोकळी’ जमीन कोणाची होती, हा प्रश्न त्या सिद्धान्तात गौण ठरला आणि पुढील इतिहासकारांनी त्यावर नेमके तेथेच बोट ठेवले.

मराठी वाचकाला हा प्रश्न अगदीच अपरिचित नव्हता. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. त्या देशाच्या लोकस्थितीवरील त्यांचा मराठी ग्रंथ १८८९ मध्ये, म्हणजे टर्नर यांच्या निबंधाच्या चार वर्षे आधी, प्रसिद्ध झाला. अमेरिकेची मोकळ्या मनाने स्तुती करणाऱ्या या ग्रंथात तेथील मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाकडे डोळेझाक केलेली नाही. याच रमाबाईंनी पुढे वरवंडजवळच्या केडगावात मुक्तिसदन वसविले. तात्पर्य, सरहद्दीच्या पलीकडे माणसे राहतात ही जाणीव याच परिसराशी जोडलेल्या एका मराठी लेखिकेने फार आधी शब्दांकित केली होती. चित्रकथेने ती पुढे चालविली नाही.

चित्रकथेने उचलला तो टर्नर यांचा सिद्धान्त, आणि तोही सुलभ करून. केवळ पश्चिमेकडील कथांना वाहिलेली पहिली अमेरिकन मासिके १९३७ च्या प्रारंभी निघाली. ‘लोन रेंजर’ हा नायक प्रथम १९३३ मध्ये डेट्रॉइटच्या नभोवाणीवर अवतरला आणि डेल प्रकाशनाने १९४८ ते १९६२ या काळात त्याचे १४५ अंक काढले. इटलीत १९४८ च्या सप्टेंबरात बोनेल्ली व गालेप्पिनी यांनी ‘टेक्स विलर’ निर्माण केला. बेल्जियममध्ये मॉरिस यांचा ‘लकी ल्यूक’ १९४६ पासून हिंडू लागला होता. ज्यांनी ती भूमी पाहिलीही नव्हती अशा लोकांनी ती चितारावी आणि वाचकांनी ती आपली मानावी, यावरून त्या कल्पनेचे सामर्थ्य ध्यानात येते.

या कथांचा साचा थोडक्यात असा. वस्ती नवी आहे, कायदा दूर आहे. बाहेरून एक एकटा स्वार येतो, संकट निवारतो आणि निघून जातो. नायकाने जाणे हे आवश्यकच असते, कारण तो ज्या काठावर जगतो तो काठच पुढे सरकत असतो. मूळ रहिवासी या साच्यात एक तर शत्रू असतो किंवा सेवक. लोन रेंजरचा सोबती टोंटो हे सेवकाचे प्रसिद्ध उदाहरण. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्याची बोली विशेष लक्षणीय आहे. तिच्यात क्रियापदांना काळ नाही, सर्वनामांना विभक्ती नाही, वाक्याला जोडशब्द नाहीत. स्वतःच्या भाषेत जो माणूस अस्खलित बोलत असणार त्याला परक्या भाषेत बोबडे करून सोडले, की त्याची बुद्धीही तेवढीच असा वाचकाचा ग्रह होतो. त्याचे नाव स्पॅनिशमध्ये ‘मूर्ख’ या अर्थाचे असल्यामुळे त्या भाषेत ते बदलून ‘तोरो’ करावे लागले, ही गोष्टही या संदर्भात सूचक आहे.

३

आता मराठीकडे वळले असता पहिली अडचण नायकाच्या संज्ञेपाशीच येते. गुरे राखणारा तो गुराखी. परंतु मराठीत गुराखी हा बहुधा पोरवयाचा, गावाच्या उतरंडीत खालच्या पायरीवरचा, पायी चालणारा असतो. त्याच्या हाती काठी असते, बंदूक नसते. गुरे राखणारा देव मराठी मनाला मान्य आहे, पण गुरे राखणारा स्वार तिला सुचत नाही. उलट घोडेस्वारासाठी मराठीत शिलेदार आणि बारगीर असे दोन नेमके शब्द आहेत : स्वतःच्या घोड्यावर चाकरी करणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. दोन्ही शब्द कोणाच्या तरी पदरी असण्याचे आहेत. कोणाचाच चाकर नसलेला एकटा स्वार या शब्दसंग्रहात बसत नाही. बसलाच तर तो बंडखोर किंवा दरोडेखोर म्हणून बसतो.

दुसरी अडचण सीमेच्या संज्ञेची, आणि ती अधिक खोल आहे. ‘सरहद्द’ हा फारसी–अरबी घडणीचा शब्द राज्याची कड दाखवितो. तो टर्नर यांच्या युरोपीय सरहद्दीचा समानार्थी होय. गावाच्या पातळीवर जो शब्द चालतो तो ‘शीव’. संस्कृत ‘सीमा’पासून आलेल्या या शब्दाभोवती एक पूर्ण व्यवस्था उभी आहे. मध्ये गावकुसाने वेढलेली पांढरी, म्हणजे वस्तीची जमीन, तिच्याभोवती काळी, म्हणजे पिकाची जमीन, गायरान, माळ, आणि शेवटी शीव. वरवंडच्या शेतकऱ्याला यातील एकही शब्द समजावून सांगावा लागणार नाही. या व्यवस्थेत शीव सरकत नाही. ती दगडाने खुणावलेली असते, आणि तिच्या पलीकडे मोकळी जमीन नसून दुसऱ्या गावची शीव असते. शिवेशी जोडलेला ‘शिवार’ हा शब्दही शिवेच्या आतील संपूर्ण भूमी दर्शवितो. कडेवरून आतल्या क्षेत्राला नाव मिळावे, हे या भाषेच्या दृष्टिकोनाचे द्योतक आहे.

शीव ही मराठीत भेटीचीही जागा आहे. वराला मुलीच्या गावी आणताना शिवेवर त्याचे स्वागत करीत, तो विधी सीमांतपूजन. पुढे शिवेचा संबंध विसरला गेला आणि लोकांच्या तोंडी त्याचे ‘श्रीमंतपूजन’ झाले. शब्दाचा अर्थ हरपला तरी विधी टिकला. सीमेवर पाहुण्याचे पाय धुणारी भाषा आणि सीमेवर पहिली गोळी झाडणारी कथा यांत जे अंतर आहे ते केवळ शब्दकोशाने भरून निघणारे नाही.

दौंड तालुक्यात सरकणाऱ्या काठासारखे जर काही असेल तर ते पाणी होय. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले आणि मुठा कालव्याने पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात पाणी आणले. पाटाखालची जमीन बागायत, पाटाबाहेरची जिरायत, अशी नवी रेषा पडली. आणि ती रेषा जिकडे सरकली तिकडे ऊस, वस्ती आणि पैसा सरकले. पण या रेषेवर मराठीत चित्रकथा निर्माण झाली नाही. तिला नायक म्हणून स्वार लागत नव्हता. लागला असता तर पाटकरी, आणि पाटकऱ्याच्या हाती फार तर फावडे.

४

मग सीमाप्रदेशाची चित्रकथा मराठीत आली ती कोणत्या रूपाने? ती आली वेताळाच्या रूपाने. टाइम्स ऑफ इंडियाचे प्रकाशक बेनेट, कोलमन आणि कंपनी यांनी १९६४ च्या मार्चमध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. १९९० पर्यंत चाललेल्या या मालेचे आठशेच्या घरात क्रमांक निघाले. इंग्रजीबरोबर मराठीसह अनेक भारतीय भाषांत तिच्या आवृत्त्या होत. पहिले ३२ अंक ली फॉक यांच्या ‘फँटम’चे होते, मांड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आदी मंडळी मागाहून आली. अमेरिकेत १९३६ मध्ये जन्मलेला हा फँटम घोड्यावर बसतो, कमरेला पिस्तुले बांधतो, मुखवटा लावतो आणि कायद्याच्या पलीकडील प्रदेशात न्याय करतो. स्थळ जंगलाचे असले तरी साचा पश्चिमेकडील स्वाराचाच आहे. मालेच्या प्रमुख नायकांत गुराखी–स्वार नसूनही सीमाप्रदेश मराठीत शिरला तो असा.

मराठी अनुवादात त्याचे ‘वेताळ’ असे नामकरण झाले, आणि या एका शब्दाने कथेचे केंद्र बदलले. वेताळ हा भुतांचा राजा. परंतु पंचविशीच्या कथांतील, झाडाला लोंबकळून कोडी घालणाऱ्या वेताळाहून ग्रामदैवत वेताळ निराळा. कोकणात आणि गोव्यात त्याची देवळे आहेत. देशावर तो बहुधा वस्तीबाहेर शेंदूर फासलेल्या तांदळ्याच्या रूपाने असतो. पुण्यात तर त्याच्या नावाची टेकडीच आहे. दामोदर कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरातील म्हसोबा, वेताळ यांसारख्या स्थानांचा वेध घेतला, तो ग्रंथ १९६२ चा. गुंथर सोन्थायमर यांनी पशुपालकांच्या दैवतांचा अभ्यास करताना ‘क्षेत्र’ आणि ‘वन’ अशी जोडी मांडली : नांगरलेली, वसलेली भूमी आणि तिच्या बाहेरील रान. या दोहोंच्या सांध्यावर ही दैवते उभी असतात. वेताळ रात्री फेरीला निघतो आणि त्याच्या मुलखाची राखण होते, असा लोकांचा समज आहे.

अमर समजला जाणारा, रात्री हिंडणारा, कवटीची खूण ठेवणारा फँटम या दैवताच्या साच्यात विनासायास बसला. परंतु बसताना त्याच्यातील सीमाप्रदेशाचा अर्थ पालटला. अमेरिकन स्वार काठाबरोबर पुढे जातो. वेताळ शिवेवर थांबतो. एकाचे सामर्थ्य जाण्यात आहे, तर दुसऱ्याचे न हलण्यात. मराठी वाचकाला जो नायक मिळाला तो वसाहतीचा अग्रदूत नव्हता, तो शिवेचा राखणदार होता. या अर्थाने ‘वेताळ’ हे नाव अनुवादाच्या इतिहासातील एक यशस्वी निवड मानावी लागेल. हे नाव हिंदीतही ‘वेताल’ म्हणून योजले गेले, हे खरे. तथापि ज्या भाषेच्या गावात वेताळ पुजला जातो तेथे त्याचा अर्थ अधिक भरतो.

यावर एक आक्षेप संभवतो. मराठीत गुराखी–स्वार रुजला नाही याचे कारण भाषा नसून व्यापार असेल; इंद्रजालचा साठा मुख्यतः ‘किंग फीचर्स’ या अमेरिकन वितरकाकडून येई, आणि तेथे जे उपलब्ध ते छापले गेले. या आक्षेपात बरेच तथ्य आहे. तमिळचे उदाहरण त्याला बळ देते. शिवकाशीहून निघणाऱ्या ‘मुत्तु’ आणि ‘लायन’ या मालांनी, अनुक्रमे १९७२ आणि १९८४ पासून, युरोपीय चित्रकथा तमिळमध्ये आणल्या. टेक्स विलर आणि लकी ल्यूक हे तेथे घरचे झाले, आणि त्यांच्या जुन्या अंकांचे निष्ठावंत संग्राहकही निर्माण झाले. म्हणजे भारतीय भाषेला हा स्वार मुळातच पचत नाही असे म्हणता येत नाही. प्रकाशकाने निवड केली तर वाचक येतो. मराठीपुरते एवढेच म्हणावयाचे की, काय आले हे व्यापाराने ठरविले आणि जे आले ते कसे समजले हे भाषेने ठरविले.

५

वेताळ या नावाने जे साधले त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. फँटमच्या मूळ कथेचा प्रदेश बंगालशी मिळत्याजुळत्या नावाचा होता आणि त्याचे पिढीजात शत्रू असलेले चाचे ‘सिंग’ या नावाच्या टोळीचे होते. दुसऱ्या शब्दांत, मूळ रचनेत भारतीय नावाचा माणूस सीमेच्या पलीकडे, रानटी बाजूला उभा होता. इंद्रजालच्या संपादकांनी प्रदेशाचे ‘डेंकाली’ केले आणि ‘सिंग’चे ‘सिंगा’. भारतीय वाचकाच्या भावना दुखावू नयेत हा हेतू उघड आहे, आणि तो गैर म्हणता येणार नाही. पण परिणाम असा झाला की, ज्याला मूळ कथेने रेषेपलीकडे ठेवले होते तो वाचक एका स्वराच्या फेराने अलीकडे, नायकाच्या बाजूला, येऊन बसला. रेषा होती तेथेच राहिली. तिच्यापलीकडे आता केवळ आफ्रिकेची छाया असलेले, वाचकाला दूरचे वाटणारे वनवासी उरले. आणि गोऱ्या राखणदाराने त्यांच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या न्याय करावा यात त्याला काही खटकेनासे झाले.

येथे मराठीच्या सर्वनामांचा प्रश्न उपस्थित होतो. इंग्रजीत एकच सर्वनाम सर्वांना पुरते. मराठी अनुवादकाला ‘तू’, ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ यांतून निवड करावीच लागते. मराठी माणूस आईला ‘तू’ म्हणतो, देवालाही ‘तू’ म्हणतो. साहेबाला मात्र ‘तुम्ही’ म्हणतो. तेव्हा वनवासी वेताळाला ‘तू’ म्हणाले तर तो त्यांचा देव, ‘तुम्ही’ म्हणाले तर तो त्यांचा साहेब. आणि तो त्यांना काय म्हणतो, यावर तो धनी की सोबती हे ठरते. इंग्रजी मूळ जे झाकून ठेवते ते मराठी अनुवाद उघड करतो. अनेक वर्षांच्या मराठी अंकांतील या निवडी क्रमाने तपासल्या तर अनुवादकांच्या पिढ्यांनी वसाहतवादी नात्याचा कसा अर्थ लावला याचा आलेख काढता येईल. पदव्युत्तर प्रबंधाला हा विषय सर्वथा पुरेसा आहे.

६

सीमाप्रदेश भारतात आणण्याचा सरळ प्रयत्न इंद्रजालनेच १९७६ च्या डिसेंबरात केला. आबिद सुरती यांनी कल्पिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला ‘बहादूर’ हा दरोडेखोराचा मुलगा. बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा सूड घेऊ पाहणारा हा तरुण बापाचे खरे रूप कळल्यावर कायद्याच्या बाजूस येतो आणि नागरिकांचे संरक्षक दल उभारतो. आदल्या वर्षी ‘शोले’ हा चित्रपट आला होता. त्याहून महत्त्वाची पार्श्वभूमी चंबळच्या खोऱ्याची. तेथे १९६० मध्ये विनोबा भावे यांच्यासमोर आणि १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासमोर दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली होती. पश्चिमेकडील कथेत सूड पुरा होतो. बहादूरच्या कथेत तो मोडला जातो. हा फरक वरवरचा नाही.

भीमथडी आणि शेजारच्या पुरंदरातील वाचकाला हा साचा ओळखीचा वाटला असता. जुन्या गावव्यवस्थेत रामोशी हा रखवालदार. चोरी झाली तर पावलांचा माग काढीत तो शिवेपर्यंत जाई. माग शिवेपलीकडे गेला, की पुढील जबाबदारी त्या गावच्या रखवालदाराची. अमेरिकन चित्रकथेतील माग काढणारा वाटाड्या आणि हा रामोशी यांचे कसब एकच. परंतु वाटाड्याचा माग अनंत मैदानात जातो आणि रामोशाचा माग शिवेवर हस्तांतरित होतो. याच समाजातून आलेल्या उमाजी नाईकांनी इंग्रज सत्तेविरुद्ध बंड केले. मध्यंतरी सरकारनेच त्यांच्याकडे बंदोबस्ताचे काम दिले. पुन्हा बंड झाले आणि १८३२ मध्ये पुण्यास त्यांना फाशी देण्यात आले. राखणदार, बंडखोर आणि गुन्हेगार या तीन भूमिका एका आयुष्यात एकवटल्या होत्या. बहादूरमध्ये या गुंतागुंतीचा एक धागा आहे. उमाजींच्या चरित्रात ती सर्व आहे.

आणि येथेच या चित्रकथांची मर्यादा स्पष्ट होते. सीमेच्या आतून पाहणारी कथा सीमेबाहेरच्या माणसाला कधी नाव देत नाही. मराठीत मात्र सीमेबाहेरच्या माणसांसाठी शब्द आहे, आणि तो अमेरिकेतून आणावा लागत नाही : ‘गावकुसाबाहेरचे’. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्यावरील तो शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला. व्यवहारातून तो पूर्णपणे पुसला गेला असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. चित्रकथेतील ‘रानटी’ टोळी आणि पोलिसी नोंदीतील ‘गुन्हेगार’ जमात यांमागील विचार एकाच मुशीतला आहे.

तारखा जुळवून पाहिल्या तर हे अधिक ठसते. इंद्रजालचा पहिला अंक १९६४ चा. बाबूराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. बहादूरच्या कथा चालू असताना, १९८० मध्ये, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले, आणि इंद्रजाल बंद पडण्याच्या तीन वर्षे आधी, १९८७ मध्ये, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’. म्हणजे ज्या पंचवीस–सव्वीस वर्षांत मराठी मुलगा शिवेचा राखणदार रंगीत चित्रांत पाहत होता, त्याच वर्षांत शिवेबाहेर ठेवलेली माणसे मराठी गद्यात स्वतः बोलू लागली होती. एका बाजूला सीमेची राखण, दुसऱ्या बाजूला सीमेची साक्ष. या दोन प्रवाहांची एकमेकांशी गाठ पडली नाही. मराठी चित्रकथेने ती पाडली असती तर सीमाप्रदेशाच्या कथेला जगाच्या वाङ्मयात नवी दिशा मिळाली असती.

७

शेवटी संग्रहाचा प्रश्न. अमेरिकेत जुन्या चित्रकथांच्या किमतींचा प्रसिद्ध कोश १९७० पासून निघू लागला, आणि २००० पासून प्रती तपासून, गुण देऊन, पारदर्शक वेष्टनात कायमच्या बंद करण्याची व्यवस्था झाली. या व्यवस्थेत सर्वोत्तम प्रत म्हणजे जिला जवळजवळ हात लागलेला नाही ती. पानावर लिहिलेले नाव, वाचनालयाचा शिक्का, दुमडलेला कोपरा, हे सारे दोष गणले जातात.

अभ्यासकाच्या दृष्टीने हीच सर्व चिन्हे पुरावा होत. स्वस्त कागदावर छापलेला मराठी अंक अनेक हातांतून जातो, रद्दीत जातो, जुन्या पुस्तकांच्या ढिगातून पुन्हा वर येतो. कोणी वर्षभराचे अंक बांधून घेतो आणि बांधणी करणारा मुखपृष्ठे कापून टाकतो. भाड्याने पुस्तके देणाऱ्याचा शिक्का, खोडून लिहिलेली किंमत, मुलाने आतील रिकाम्या जागेत गिरविलेले नाव, यांवरून तो अंक शहरात वाचला गेला की महामार्गावरच्या गावात, एकट्याने की पाचजणांत, हे कळते. वेष्टनात बंद केलेली प्रत सुरक्षित असेल, पण तिच्यातील सर्वनामे मोजता येत नाहीत.

ग्रंथालयांनी या साहित्याकडे मुलांचा कचरा म्हणून पाहिले. प्रकाशित ग्रंथांच्या प्रती मोजक्या ग्रंथालयांत जमा करण्याचा कायदा १९५४ चा आहे. नियतकालिके त्यात १९५६ पासून आली, आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्या ग्रंथालयांपैकी एक. परंतु कायद्याने जमा होणे आणि अभ्यासकाच्या टेबलावर क्रमवार येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठी विभागांनी निदान मराठी अंकांची क्रमवार सूची करणे, खाजगी संग्राहकांच्या प्रतींची छायाचित्रे घेणे आणि प्रत्येक प्रतीवरील खुणांची नोंद ठेवणे एवढे काम हाती घ्यावयास हवे. ते काम खर्चाचे नाही, मात्र कागद तुटण्याच्या आत व्हावयास हवे.

असा संग्रह उभा राहिला तर त्याच्या शेजारच्या फळीवर काय असावे, हेही ठरविता येईल. वेताळाच्या अंकांशेजारी म्हसोबा–वेताळांच्या स्थानांची नोंद असावी. बहादूरच्या शेजारी उमाजी नाईकांचे चरित्र. आणि या सर्वांच्या शेजारी ‘उपरा’ व ‘उचल्या’. शिवेच्या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्याशिवाय शिवेचा अभ्यास होत नाही. वरवंडच्या शिवारातही शिवेचा दगड दोन गावांचा मिळून एक असतो. त्याचा जबाब घ्यावयाचा तर दोन्ही गावांना बोलवावे लागते.